पांडित्यप्रदर्शनाचं पांढरं कार्ड

'सूक्ष्मदर्शी, सर्वसंशयी, अचूकतेचे एकनिष्ठ उपासक, निवृत्त वजनमापे तपासनीस आणि विद्यमान रहस्यभेदक.' भावोजींनी स्वतःची कार्डं छापून घेतली तेव्हा एवढा मजकूर बसला आणि नावाला जागाच उरली नाही. छापखान्यातल्या माणसानं हे लक्षात आणून दिलं, तर भावोजी म्हणाले, "असू दे. खऱ्या शोधकाला नाव नसतं, ख्याती असते." ही ख्याती घड्याळजीच्या दुकानापासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पसरली होती, आणि इस्त्रीवाल्याला ती मान्य नव्हती.

घड्याळजी म्हणजे भावोजींचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. माणूस गरीब स्वभावाचा. भावोजी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईनं त्याला निरोप पाठवला होता, 'यांना दिवसभर तुझ्या दुकानात बसू दे, नाहीतर मी घर सोडते.' तेव्हापासून भावोजी दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसत आणि घड्याळजी उभ्यानं घड्याळं दुरुस्त करी. एखादं प्रकरण हाती आलं की त्याचं डोळ्याला लावायचं भिंगही भावोजींकडे जाई आणि मग दुरुस्तीच बंद पडे. कामावर असताना भावोजी त्याला 'तुम्ही' म्हणत आणि जेवताना 'तू'. हा फरक त्यांनी स्वतः ठरवून वहीत लिहून ठेवला होता.

आजवर त्यांनी चाळीस प्रकरणं हाताळली होती. त्यांतली एकोणचाळीस आपोआप मिटली. चाळिसावं अजून सुरू होतं, ते म्हणजे ताईच्या शिवणाच्या कात्रीचं. ती कात्री वर्षभरापूर्वी घरातून नाहीशी झाली होती आणि भावोजींचा संशय आळीपाळीनं तिन्ही शेजाऱ्यांवर जाऊन आला होता.

अशात एके दिवशी दुपारी तीन वाजता समोरच्या इमारतीतल्या, कार्डांचे खण सांभाळणाऱ्या बाई दुकानात आल्या, तेव्हा घड्याळजीला आश्चर्य वाटलं. बाईंची वेळ सकाळची. रोज दहाला दहा कमी असताना त्या दुकानाच्या दारात थांबत, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात बघून आपलं मनगटी घड्याळ लावत आणि समोर तिसऱ्या मजल्यावरच्या शब्दकोशाच्या कार्यालयात जात. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. घड्याळजीला तर वाटे, बाई आल्यावाचून आपल्या भिंतीवरच्या घड्याळाला दहा वाजवायचा धीर होणार नाही.

"दादा, उद्यापासून मी काही यायची नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही उगाच वाट बघाल, म्हणून सांगायला आले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोशाच्या कार्यालयात प्रत्येक शब्दाची दोन कार्डं असत. पिवळ्या कार्डावर शब्द आणि पांढऱ्या कार्डावर त्याचा अर्थ. दोन्ही कार्डं दोऱ्यानं एकमेकांना बांधून खणात ठेवायची. हे सगळे खण बाईंच्या ताब्यात. प्रमुख संपादकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, सही करून नियम लावला होता की पांढऱ्या कार्डावाचून पिवळं कार्ड छापायचं नाही. आज छापखान्यातून निरोप आला की 'पांडित्यप्रदर्शन' या शब्दाचं पिवळं कार्ड आहे, पांढरं नाही. यंत्र थांबलंय. पाच वाजता माणूस येईल, तोवर अर्थ द्या, नाहीतर शब्द गाळून पुढे जाऊ.

"मोठे सर म्हणतात, कार्ड मीच हरवलं. पत्रसुद्धा तयार आहे. उद्यापासून येऊ नये म्हणून. फक्त सही व्हायचीय. पाचपर्यंत कार्ड मिळालं नाही की ते सही करणार. अकरा वर्षांत एक कार्ड इकडचं तिकडं झालं नाही हो माझ्याकडून!"

घड्याळजीनं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. तो काही बोलणार एवढ्यात स्टूल करकरलं. भावोजी उभे राहिले होते. त्यांनी मेहुण्याच्या डोळ्यावरचं भिंग काढून स्वतःच्या डोळ्याला लावलं.

"मेहुणे, तुम्ही पिशवी घ्या," ते म्हणाले. 'तुम्ही' ऐकताच घड्याळजीनं मुकाट्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं.

तपासाच्या पिशवीत मोजपट्टी, खडू, पावडरचा डबा, एक तराजू आणि त्याची वजनं असा ऐवज होता. तीन मजले चढेपर्यंत घड्याळजीच्या घशाला कोरड पडली. वर लांबलचक खोली होती. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणावर एक अक्षर. मधल्या टेबलाशी तीन सर बसले होते, मोठे, मधले आणि धाकटे. धाकट्या सरांचं वयही साठीला टेकलेलं होतं. कोशाची अक्षरं तिघांनी वाटून घेतली होती. छपाई 'अ'पासून सुरू न करता मोठ्या सरांच्या अक्षरांपासून सुरू केली होती, कारण ज्येष्ठता. म्हणून 'प' छापखान्यात पोचला होता आणि 'अ' अजून खणात होता.

"जरा पाणी मिळेल का?" घड्याळजीनं विचारलं.

"पाणी म्हणजे पिण्याचं पाणी, असं तुम्हाला म्हणायचं असावं," मोठे सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "कारण नुसतं पाणी म्हटलं की मोत्याचंही पाणी आलं, तलवारीचंही आलं. आमच्या कोशात पाण्याचे एकोणतीस अर्थ आहेत."

"एकतीस," मधले सर म्हणाले.

"दोन मी अमान्य केलेत."

"आणि किती पाणी?" आता भावोजींना राहवेना. "पेलाभर म्हणाल, तर पेला हे माप नव्हे. मी नोकरीत असताना एका दिवसात सतरा प्रकारचे पेले जप्त केले होते."

घड्याळजीला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात कोपऱ्यातून मावशी उठल्या. केर काढणं, चहा करणं, दारं-खिडक्या उघडणं ही त्यांची कामं. त्यांनी माठातलं पाणी काढून पेला त्याच्या हातात दिला आणि एक शब्द न बोलता परत जाऊन बसल्या. पाण्याच्या तिसऱ्या प्रकारावर चर्चा पोचली तेव्हा घड्याळजीचा पेला रिकामा झाला होता.

तपास सुरू झाला. भावोजींनी 'पां' अक्षराचा खण उघडून घेतला, त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली, मग आपण रेघेच्या बाहेर राहिलो हे लक्षात आल्यावर दुसरी रेघ मारली. खणात छापखान्यातून परत आलेलं पिवळं कार्ड होतं. त्याच्या भोकात ओवलेला दोरा होता. दोऱ्याच्या टोकाला काही नव्हतं.

"दोरा तुटलेला नाही," भावोजी भिंगातून बघत म्हणाले. "कापलेला नाही. गाठ सोडल्याच्या खुणा नाहीत. याचा अर्थ काय, मेहुणे?"

"गाठ मारलीच नसेल," घड्याळजी म्हणाला.

"पोरकट विचार!" भावोजींनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "याचा अर्थ, चोरानं गाठ अशी सोडली की दोऱ्याला सुरकुतीही पडली नाही. असा हात तीनच प्रकारच्या माणसांचा असतो. खलाशी, शल्यविशारद किंवा शिंपी. या इमारतीत शिंपी आहे का?"

"तळमजल्यावर आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यांना जिना चढवत नाही. गुडघे गेलेत."

"असं ते सांगतात," भावोजी म्हणाले आणि त्यांनी वहीत शिंप्याच्या गुडघ्यांची नोंद केली.

घड्याळजीनं वाकून पिवळं कार्ड वाचलं. शब्दाखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. "भावोजी, इथं 'पाहा: शब्दच्छल' असं लिहिलंय. ते बघायचं का?"

हे शब्द त्यानं उच्चारायला नको होते. मोठे सर उठून उभेच राहिले. "कोशातल्या 'पाहा'चा अर्थ सामान्य माणूस समजतो तसा शब्दशः घ्यायचा नसतो! 'पाहा'चे तीन प्रकार आहेत. पूरक, तौलनिक आणि औपचारिक. हा पूरक. म्हणजे मुख्य अर्थ इथंच सविस्तर दिलेला असणार आणि अधिक जिज्ञासा असणाऱ्यानं तिकडं जावं, एवढंच."

"मी तो तौलनिक समजतो," मधले सर म्हणाले.

"मी या विषयावर बत्तीस पानांचं टिपण लिहिलं आहे," धाकटे सर म्हणाले आणि ते शोधायला उठले.

टिपण सापडेपर्यंत चार वाजून गेले. ते वाचून होईपर्यंत साडेचार. मावशी मात्र केव्हाच उठून खणांच्या रांगेकडे गेल्या होत्या. त्यांना वाचायला बाईंनीच शिकवलं होतं, याच खणांवरच्या अक्षरांवर बोट ठेवून. रोज केर काढता काढता एक अक्षर. अजूनही मावशी बोटानंच वाचत. त्या काय करतायत याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण त्यांच्याकडे कधीच कुणाचं लक्ष नसे.

भावोजींचे तर्क आता भराभर येत होते. आधी त्यांनी पंख्यावर संशय घेतला. टेबलावर पडलेलं एकच कोरं कार्ड तराजूत तोललं, पंख्याचा वेग बोटांवर मोजला आणि सिद्ध केलं की वाऱ्यानं कार्ड उडालं असेल तर ते खिडकीतून रस्ता ओलांडून थेट घड्याळजीच्या दुकानात पडलं असणार. "म्हणजे संशयित तुम्हीसुद्धा आहात, मेहुणे. नातं आड येऊ देणार नाही मी." मग ती खिडकी दहा वर्षांपूर्वीच रंगानं चिकटून बंद झाली आहे, असं बाईंनी सांगितलं. तेव्हा त्यांनी घड्याळजीचं नाव खोडलं, पण फिकटच खोडलं.

पुढचा तर्क मनाच्या गाभ्याला हात घालणारा होता. "हे कार्ड कुणाला नकोसं असेल? ज्याला हा शब्द झोंबतो त्याला! तुमच्यापैकी पांडित्याचं प्रदर्शन कोण करतं?"

तिन्ही सरांनी एकाच क्षणी एकमेकांकडे बोट दाखवलं. तीन माणसं आणि तीन बोटं, त्यामुळे गोळाबेरीज कुणाच्याच बाजूनं लागेना.

पावणेपाच झाले. मोठ्या सरांनी टेबलावरचं पत्र पुढे ओढलं. ते बघून बाईंनी आपल्या खणांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढला आणि टेबलावर ठेवला. किल्ल्यांचा आवाज झाला तसा घड्याळजीचा संयम सुटला. आयुष्यात तो भावोजींवर कधी ओरडला नव्हता.

"भावोजी, बास करा आता! बाईंची नोकरी जातेय आणि तुम्ही पंखा कसला मोजताय?"

"शांत व्हा, मेहुणे. शेवट जवळ आलाय," भावोजी म्हणाले. त्यांनी सगळ्यांना भिंतीशी ओळीनं उभं केलं, स्वतः मध्ये उभे राहिले आणि आवाज खाली आणला. "या खोलीत जमलेल्यांपैकी एकाच्या कोटाच्या बाहीवर पांढरी भुकटी आहे. पांढऱ्या कार्डाची भुकटी! मधले सर, हात पुढे करा."

मधल्या सरांनी हात पुढे केला. बाही खरंच पांढरी होती.

"हा तुमचाच खडू आहे," मधले सर थंडपणे म्हणाले. "मघाशी तुम्ही माझ्याभोवतीसुद्धा रेघ मारलीत."

भावोजी आपल्या हाताकडे बघत राहिले. त्यांची पाचही बोटं पांढरी होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा वाट द्या."

मावशी होत्या. एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात दोन पिवळी कार्डं. किटली खाली ठेवून त्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर मांडली.

"ते पहिलं म्हणत होतं, पाहा शब्दच्छल. म्हणून मी 'श'च्या खणात जाऊन पाहिलं," त्या बोट ठेवत म्हणाल्या. "तर हे म्हणतंय, पाहा काथ्याकूट. म्हटलं बरं. 'क'च्या खणात गेले. तर हे काथ्याकूट म्हणतंय, पाहा पांडित्यप्रदर्शन. मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. म्हणून परत पहिल्यापासून गेले. दोन फेऱ्या झाल्या. तिन्हींच्या मागं पांढरं कार्डच नाही. दोरे नुसतेच ओवलेत. कुणी काही लिहिलेलंच नाही हो!"

घड्याळजीला सगळ्यांच्या मनगटावरची घड्याळं वेगवेगळी ऐकू आली. मोठ्या सरांचं दोन मिनिटं मागे होतं.

"'श' तुमच्याकडे," मोठे सर अखेर मधल्या सरांना म्हणाले. "मला वाटलं, अर्थ तुम्ही लिहिलात."

"मला वाटलं, यांनी लिहिला," मधले सर धाकट्या सरांकडे बघत म्हणाले.

"मी ज्येष्ठतेचा मान राखला," धाकटे सर म्हणाले. "तुमच्या शब्दाचा अर्थ तुमच्याआधी मी कसा लिहिणार? आणि नोंदवहीत तर तिघांनीही 'पूर्ण' म्हणून सह्या केल्यात."

भावोजी सर्वांत आधी सावरले. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, "चोर या खोलीच्या बाहेरचा नाही."

दारावर टकटक झाली. छापखान्याचा माणूस आला होता. पाचला पाच कमी होते. "अर्थ द्या, नाहीतर शब्द गाळतो," तो म्हणाला. "यंत्र माझ्यासाठी थांबत नाही."

अर्थ लिहायचा म्हटल्यावर तिन्ही सर कामाला लागले. मोठे सर म्हणाले, आधी 'पांडित्य' म्हणजे काय ते निश्चित करू. मधले सर म्हणाले, त्याआधी 'प्रदर्शन' घ्यावं लागेल. धाकटे सर म्हणाले, या दोन्हींच्या आधी 'अर्थ' म्हणजे काय यावर एकमत व्हायला हवं, आणि त्यावर त्यांचं एक टिपण होतं. ते शोधायला ते उठले. छापखान्याचा माणूस घड्याळाकडे बघत होता आणि बाई आपल्या किल्ल्यांकडे.

"एवढं अवघड काय आहे त्यात?" मावशी कपात चहा ओतत म्हणाल्या. "मघाशी या घड्याळवाल्या दादांनी पाणी मागितलं. तुम्ही सगळे त्यांना पाण्याचे प्रकार सांगत बसलात आणि त्यांचा घसा कोरडाच. तेच ना ते?"

बाईंनी मावशींकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. त्यांनी पेन उचललं. पण कोरी पांढरी कार्डं कपाटात कुलूपबंद होती आणि ती मिळवायला तीन प्रतींत मागणीपत्र भरावं लागे. मघाशी तोललेलं कार्ड चालणार नव्हतं, कारण त्यावर भावोजींनी शाईनं वजन लिहून ठेवलं होतं. टेबलावर कोरा असा एकच कागद होता, तो म्हणजे त्या पत्राची पाठ.

बाईंनी पत्र उलटं केलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पांडित्यप्रदर्शन. तहानलेल्याला पाणी देण्याआधी पाण्याची फोड करून सांगत बसणे. ते सांगून होईपर्यंत तहानलेला तहानलेलाच राहतो.'

"पण कार्डाचं माप ठरलेलं आहे," धाकटे सर पुटपुटले. "हा कागद मोठा आहे."

"कापू की मग!" घड्याळजी म्हणाला. "कात्री आहे का कुणाकडे?"

त्यानं उत्तराची वाट न बघता तपासाची पिशवी टेबलावर उपडी केली. मोजपट्टी पडली, डबा पडला, वजनं गडगडली आणि सगळ्यांच्या शेवटी, पिशवीच्या अस्तरात अडकलेली, ताईची शिवणाची कात्री पडली.

भावोजींनी तिच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. "एकाच दिवसात दोन प्रकरणं सुटली," ते म्हणाले, पण आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

बाईंनी कागद मापात कापला, भोक पाडलं आणि दोरा ओवून पिवळ्या कार्डामागे बांधला. गाठ घट्ट मारली. आता फक्त 'तपासले' म्हणून मोठ्या सरांची सही हवी होती. त्यांनी तो मजकूर वाचला. पेन उघडलं. "'फोड' हा शब्द इथं जरा..." त्यांनी सुरुवात केली आणि मावशींनी हातातला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. नुसता ठेवला. मोठे सर त्या पेल्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी मान खाली घालून सही केली.

छापखान्याचा माणूस कार्ड घेऊन निघून गेला. त्या पत्राला सही मिळाली खरी, पण पाठीवर. पुढच्या बाजूला 'उद्यापासून कामावर येऊ नये' यातलं फक्त 'उद्यापासून कामावर' एवढंच मापात बसलं होतं. बाकीचं कात्रीखाली गेलं.

"बाई," मोठे सर किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे सरकवत म्हणाले. त्यांना पुढे बरंच काही बोलायचं होतं आणि ते सगळं त्यांना एकाच शब्दात बोलावं लागलं. "चुकलो."

घरी परतताना भावोजींनी वाटेत थांबून वही काढली आणि भिंतीला टेकवून प्रकरण क्रमांक एक्केचाळीस पुरं केलं. घड्याळजीनं खांद्यावरून वाकून वाचलं. 'रहस्य कोणी सोडवले: पाहा, मावशी.' त्याला बरं वाटलं. म्हटलं, माणूस निदान प्रामाणिक आहे. मग न राहवून त्यानं वहीतलं 'म' अक्षराचं पान उलटून बघितलं. तिथे शाई अजून ओली होती. 'मावशी: यांना दिशा कोणी दाखवली, पाहा, मी.'

"'मी'च्या पानावर काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"ते पान अपुरं पडलं. वेगळी वही केलीय," भावोजी म्हणाले आणि त्यांनी कात्री त्याच्या हातात दिली. "आणि ही तुझ्या दुकानात सापडली असं ताईला सांग. तुझ्यावर ती चिडायची नाही." ते 'तू' म्हणाले होते, तेव्हा काम संपलं असं समजून घड्याळजीनं कात्री खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी दुकानात उभा होता, पण हात चालत नव्हते. भिंग परत मिळालं होतं, तरी त्याचा डोळा दाराकडेच. भिंतीवरचं घड्याळ दहाला अकरा कमी दाखवत होतं. भावोजी स्टुलावर बसून शिंप्याच्या गुडघ्यांविषयी काहीतरी सांगत होते.

दहाला दहा कमी असताना बाई दारात आल्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मनगटावरचं घड्याळ लावलं, कमरेच्या किल्ल्या एकदा चाचपल्या आणि खण उघडायला समोरच्या जिन्याकडे निघून गेल्या.